वावरातला पेंटबॉल आणि न खेळणारा माणूस

पेंटबॉल खेळायला गावातल्या पोरांनी पैसे मोजून शहराजवळच्या रिसॉर्टात जावं, की घरच्या वावरात खेळावं? माझं मत वावराच्या बाजूचं आहे. विदर्भातल्या खेड्यांत सोयाबीन निघालं की कितीतरी जमीन रिकामी पडते. पोरांच्या हाताला काम नसतं आणि तालुक्याच्या गावाला पानटपरीपलीकडे जायला जागा नसते. अशा वेळी आठ-दहा जण मिळून मार्कर आणि मास्क जमवतात, कोणाच्या तरी पडीक तुकड्यावर खेळतात, हे मला चांगलंच वाटतं. पण या मताला एक अट जोडलेली आहे आणि ती मी सोडणार नाही. त्या वावरात त्या दिवशी एक माणूस असा हवा, जो खेळत नाही आणि ज्याने थांबा म्हटलं की सगळे थांबतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्कर म्हणजे दाबलेल्या हवेवर किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालणारी, बंदुकीसारखी दिसणारी वस्तू. तिच्यातून जिलेटिनच्या पातळ कवचाची गोळी सुटते. व्यास साधारण १७ मिलिमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. गोळी अंगावर फुटली की रंग लागतो आणि तो गडी बाद. बहुतेक मैदानांवर गोळीचा वेग सेकंदाला २८० फुटांच्या आत ठेवतात, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. मांडीवर बसली तर निळा डाग उठतो आणि आठवड्यात जातो. डोळ्यावर बसली तर मात्र खेळ तिथेच संपला. प्रौढ माणसाच्या डोळ्याचा गोळा साधारण चोवीस मिलिमीटरचा. सतरा मिलिमीटरची गोळी डोळ्याच्या खोबणीत सहज शिरते, भुवईचं हाड तिला अडवत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परदेशात या जखमांचा अभ्यास केला, तेव्हा एकच गोष्ट वारंवार समोर आली: डोळे बहुतेक वेळा देखरेख नसलेल्या, घरगुती खेळात गेले, आणि तेव्हा मास्क एकतर नव्हता किंवा वर उचललेला होता.

व्यावसायिक मैदानवाले हाच मुद्दा पुढे करतात, आणि तो खोटा नाही. पण त्यावरून ‘म्हणून आमच्याकडेच या’ असा निष्कर्ष ते काढतात, तिथे मी थांबतो. तिकिटाच्या पैशात आपण नक्की काय विकत घेतो? तिथले टायर, ड्रम, लाकडी आडोसे आपण बांधावर चार दिवसांत उभे करू. पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या झाडांच्या पेंढ्या, जुनी बंडी, मातीची पोती, काय नाही आपल्याकडे? आपण घेतो ती तिथल्या मार्शलची नजर. आत शिरण्याआधी तो प्रत्येक मार्करचा वेग यंत्रावर मोजतो, नळीवर टोपी चढवायला लावतो, कोणी मास्क वर केला की शिट्टी मारून सगळा खेळ गोठवतो. जिथे मार्शल कंटाळलेला आहे, मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आहे, तिथे तिकीट कितीही महाग असलं तरी ते मैदान आपल्या धुऱ्याइतकंच, म्हणजे शेताच्या बांधाइतकंच, धोक्याचं. आणि जिथे असा माणूस जागा आहे, तिथे धुराही मैदान होतो.

वरुडच्या पोरांना नागपूर शंभर किलोमीटरच्या घरात पडतं. सिरोंचा, धारणी, लोणारकडच्यांनी तर विचारच करू नये. तिथे गेल्यावर पैसे गोळ्यांच्या मोजणीवर लागतात, त्यामुळे दोन-चार डाव झाले की खिसा रिकामा. ज्याच्या बापाची चार एकर कोरडवाहू आहे त्याला हा खेळ वर्षातून एकदाही परवडत नाही. ‘गावाला ही थेरं कशाला, कबड्डी खेळा’ असं म्हणणारी वडीलधारी मंडळी गावोगाव भेटतात. कबड्डी खेळावीच. पण शहरातल्या पोराने जे करायचं ते खेड्यातल्या पोराने करू नये, हे मला मान्य नाही.

शिवाय या खेळाचं मूळ शहरात नाहीच. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर नावाच्या गावाजवळच्या जंगलात बारा जण हा खेळ पहिल्यांदा खेळले. त्यांच्या हातातली नेलस्पॉट ००७ ही मार्कर बंदूक जंगलातली झाडं आणि चरणारी गुरं यांच्यावर दुरून खूण करायला वापरात होती. म्हणजे हे मुळात वनमजुराचं आणि गुराख्याचं अवजार. त्या दिवशी जिंकला तो रिची व्हाइट, पेशाने वनकर्मी. त्या डावात झेंडे गोळा करायचे होते. त्याने ते सगळे गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही. रान कसं वाचायचं, कुठून आवाज न करता जायचं, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या मेळघाटातल्या किंवा नागझिऱ्याकाठच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. पैसे घेणारी मैदानं त्यानंतर, १९८२ पासून आली.

आता ‘माहं वावर आहे, म्या काईबी करीन’ या वाक्याकडे येतो. परवानगीचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं, आणि मला वाटतं सगळी गडबड इथूनच सुरू होते. साधा हिशेब मांडू. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. तुकडा अगदी चौकोनी धरला तर त्याची एक बाजू चौसष्ट मीटर भरते. नळी थोडी वर धरून सोडलेली गोळी ऐंशी-नव्वद मीटर जाऊन पडते. म्हणजे एकराच्या मध्यभागी उभा राहून कुठल्याही दिशेला मारली, तरी गोळी सातबारा ओलांडून दुसऱ्याच्या वावरात जाते. खेळायला फक्त चाळीस बाय चाळीस मीटरची जागा घेतली आणि चारही बाजूंना नव्वद-नव्वद मीटर मोकळे सोडले, तर जवळपास बारा एकर लागतात. पाच एकराचा चौकोनी तुकडा एका बाजूला एकशे बेचाळीस मीटर भरतो. दोन्हीकडून नव्वद वजा करायला गेलं तर खेळायला एक हातही उरत नाही. आपल्याकडे अल्पभूधारकच जास्त. त्यांच्या मालकीच्या हद्दीत ही गोळी मावतच नाही.

आणि धुऱ्याच्या पलीकडे कोण असतं? खेळायचा खरा हंगाम कार्तिक ते माघ. ऊन सोसवतं, सोयाबीन निघालेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या वावरात कापसाची वेचणी चालू असते. कमरेला ओटी बांधून बाया ओळीने वाकलेल्या असतात. डोकं पऱ्हाटीच्या उंचीला आलेलं, दोन्ही हात बोंडांत, नजर पुढच्या झाडावर. आपल्या पोरांनी मास्क घातलेला आहे. त्या बाईच्या डोळ्यांपुढे डोक्यावरून ओढलेल्या पदराशिवाय काही नाही. किलोवर वेचणी करणाऱ्या बाईचा एक डोळा गेला तर पुढच्या हंगामात तिला कामावर कोण नेईल? पोरं एकमेकांकडून ‘माझ्या जबाबदारीवर खेळतो’ असं लिहून घेतात. ठीक आहे, पण त्या कागदावर त्या बाईची सही नाही. निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं, आणि वावर कोणाच्या नावावर आहे याने त्यात फरक पडत नाही.

म्हणून परवानगी फक्त मालकाची पुरत नाही, धुऱ्याला धुरा लागलेल्या प्रत्येकाची लागते. मी तर म्हणेन, खेळ बाजाराच्या दिवशी ठेवावा. त्या दिवशी बहुतेक गावांत मजुरी बंद असते, शिवार मोकळं असतं. टेकाडाच्या पोटाला, खोलगट नाल्याच्या काठाने, जिथे पाठीमागे उंच माती आहे अशी जागा शोधावी आणि मार त्याच दिशेला ठेवावा. जाळी लावायची तर पेंटबॉलसाठी वेगळी जाळी मिळते. पिकावरचं शेडनेट किंवा पाखरांची जाळी तिच्या जागी चालवून घेऊ नये. आणि मास्क म्हणजे मास्कच. वेल्डिंगचा गॉगल, मोटरसायकलच्या हेल्मेटची काच यांच्या भरवशावर कोणाला आत सोडू नये. थंडीच्या सकाळी मास्कच्या काचेवर वाफ धरते आणि समोरचं दिसेनासं झालं की माणूस नकळत मास्क वर करतो. न खेळणाऱ्या माणसाचं अर्धं काम या एका क्षणावर नजर ठेवण्याचं आहे.

उन्हाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हा धोका दिसत नाही. या खेळाचे नियम थंड मुलुखात तयार झाले. आपल्याकडची बरीच पोरं स्वस्त पडतं म्हणून कार्बन डायऑक्साइडवरचे मार्कर घेतात. हा वायू नळकांड्यात द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. वीस अंशांना तो सुमारे सत्तावन्न बार असतो, तीस अंशांना बहात्तरच्या आसपास. एकतीस अंशांच्या वर तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि नळकांडं जितकं ठासून भरलेलं तितका दाब झपाट्याने चढतो. सकाळी सात वाजता, अंगात स्वेटर असताना २८० वर बसवलेला मार्कर दुपारी बाराला तोच राहत नाही. कोणी स्क्रूला हात लावलेला नसतो, मार्कर पूर्वीसारखाच दिसतो, आणि गोळी मात्र जोरात निघते. फेब्रुवारीतच आपल्याकडे दुपार पस्तिशीला टेकते, मे महिन्यात चंद्रपूर पंचेचाळीस ओलांडतं. म्हणून वेग मोजायचं यंत्र एकदा सकाळी वापरून पेटीत ठेवायचं नाही. दर डावाआधी मोजायचं आणि अकरा वाजता खेळ बंद करायचा. नळकांडं उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवायचं. ज्यांना परवडतं त्यांनी रेग्युलेटर असलेल्या दाबलेल्या हवेच्या मार्करकडे वळावं, त्याचा वेग बराच स्थिर राहतो.

गोळ्याही उन्हात मऊ पडून फुगतात आणि नळीत अडकतात. अडकली की पोरं पहिली गोष्ट करतात ती नळीत डोकावून बघायची. हे लिहितानाही मला कसंतरी होतं.

नळकांडी भरण्यावर आपल्या देशात गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि ते राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. तालुक्याच्या वर्कशॉपात ‘भरून देतो’ म्हणणाऱ्याकडून जुनं, तारीख उलटलेलं नळकांडं भरून आणणं म्हणजे घरात स्फोटक आणून ठेवण्यासारखं आहे.

शिवारातले बाकीचे धोके गावाला तोंडपाठ आहेत, पण खेळताना माणूस पायाखाली बघत नाही, म्हणून ते पुन्हा सांगावे लागतात. बिनकठड्याच्या विहिरी. प्लास्टिक अंथरलेली शेततळी, ज्यांच्या निसरड्या कडेवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. तुरीचे तिरपे कापलेले खुंट. आणि रानडुकरांसाठी लावलेली तार. झटका मशीनची तार झटका देऊन सोडते. पण कोणी रात्री थेट लाइनवरून उघड्या तारेत करंट सोडला असेल आणि सकाळी काढायचा राहिला असेल, तर तो सोडत नाही. वाघ मेले, माणसं मेली, दर हंगामात आपण या बातम्या वाचतो. धुऱ्याच्या कडेने वाकून पळणारा गडी नेमका त्या तारेच्या उंचीला असतो. ताज्या फवारणीच्या वावरात पोटावर सरपटणं हाही तसाच प्रकार. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, हे आपण विसरायला नको. न खेळणाऱ्या माणसाने आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी शेताच्या मालकाला सोबत घेऊन सगळा तुकडा पायी फिरावा. खेळ संपल्यावर न फुटलेल्या गोळ्या वेचून घ्याव्यात. त्यांच्यातला गोडसर पदार्थ कुत्र्यांना आवडतो आणि पोटात जास्त गेल्या तर कुत्रं गंभीर आजारी पडतं.

खासगी जमीन म्हणजे खरोखर खासगी. आपल्याकडे ‘रिकामी जागा’ म्हणून ज्या जागा दाखवल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच कोणाच्याही खासगी नाहीत. अकोला, अमरावती, बुलडाण्याकडे ई-क्लासची जमीन गावाच्या गुरांची आहे. पूर्व विदर्भात झुडपी जंगलाची नोंद असलेली जमीन उजाड दिसली तरी मोकळी नाही. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच मानल्या आहेत. तिथे लष्करी ठिपक्यांचे कपडे घालून, हातात बंदुकीसारखी वस्तू घेऊन पळणारी पोरं वनरक्षकाला शिकारी वाटली तर दोष त्याचा नाही. गडचिरोली आणि गोंदियाच्या काही भागांत तर ही चूक जिवावर बेतू शकते. तिथल्या माणसांनी हिरवा गणवेश आणि बंदूक दोन्ही बाजूंनी पाहिली आहे, आणि लांबून दिसणारी नळी रंगाची आहे हे कोणी जवळ येऊन विचारत नाही. त्या भागात ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत. भगवे, पिवळे, भडक टी-शर्ट घाला. पोलीस पाटलाला आणि ठाण्याला आधी लेखी कळवा. मार्कर रस्त्याने उघडा नेऊ नका, पिशवीत न्या. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या गावांत वनविभागाला विचारल्याशिवाय हा विषयच काढू नये, असं माझं मत आहे.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, मग बंदीच घाला ना. ग्रामसभेत असा ठराव आणणं सोपं आहे, टाळ्याही पडतील. पण शंकरपटाचं काय झालं ते आपण याच मातीत पाहिलं. २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद झाल्या, तरी चोरून पट भरल्याच्या बातम्या येतच राहिल्या. आडरानात भरणाऱ्या अशा पटात ना डॉक्टर ना कोणी जबाबदार. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि आता पट भरवायचा तर आधी अर्ज करावा लागतो, पशुवैद्यक लागतो, नियम पाळावे लागतात. शंकरपटाच्या मूळ वादात कोणाची बाजू घ्यावी हा वेगळा विषय, बैल स्वतः हो म्हणू शकत नाही हे मला कळतं. पण लपून होणाऱ्या खेळात सगळ्यात आधी गळतो तो देखरेख करणारा माणूस, हे पेंटबॉललाही लागू आहे. बंदी घातली की पोरं नाल्यात, संध्याकाळी, अंधारात खेळतील आणि जखम झाली तर घरी सांगणार नाहीत. डोळ्याच्या जखमेत गेलेला प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. सेवाग्राम किंवा नागपूर गाठायला आधीच वेळ लागतो, त्यात लपवण्याचे तास मिळाले तर डॉक्टर तरी काय करणार?

ग्रामसभेने बंदीऐवजी मोजक्या अटी लिहाव्यात: धुऱ्याच्या शेजाऱ्यांची संमती, पोलीस पाटलाला आगाऊ सूचना, अठरा वर्षांखालच्यांना आईबापाच्या परवानगीशिवाय आत नाही, आणि न खेळणाऱ्या माणसाचं नाव. त्याचं नाव कागदावर आधी लिहिलेलं असावं. हा माणूस पोरांच्या टोळीतला सगळ्यात लहान, ‘तू बस रे बाजूला’ म्हणून बसवलेला असू नये. ज्याचं ऐकलं जातं असा हवा. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, शाळेतले क्रीडाशिक्षक, होमगार्डमध्ये काम केलेले लोक बहुतेक गावांत सापडतात. बाई असली तर अधिकच चांगलं. तिच्यामुळे गावातल्या पोरीही मैदानात येतील, आणि वेचणीच्या बायांना शेजारच्या वावरात काय चाललंय हे विचारायला कोणीतरी जवळचं मिळेल.

पैशाचं तेवढं सांगायचं राहिलं. मित्रांनी खर्च वाटून घेतला, तोवर तो खेळ आहे. मालकाने बाहेरच्यांकडून डोकी मोजून पैसे घ्यायला सुरुवात केली, की ते वावर राहिलं नाही, धंदा झाला. मग जमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न येतो, विमा येतो. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे, ज्याला हे करायचं असेल त्याने त्या वाटेने नोंदणी करून उघडपणे करावं. कोरडवाहू शेतकऱ्याला हंगामानंतर चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे. तहसील आणि पोलीस ठाण्याकडून माझी मागणी एवढीच आहे की या दोन प्रकारांना एकाच तराजूत तोलू नये. आठ मित्रांच्या अर्जाला रिसॉर्टाएवढी कागदपत्रं मागितली तर कोणी अर्जच करणार नाही. आणि तिकीट लावणाऱ्याला मात्र मार्शल, विमा आणि जाळीशिवाय एक दिवसही चालवू देऊ नये.